पलंगाखालची माती

विशीही न गाठलेला एक मुलगा इस्रायलमध्ये मनाने पार खचला होता. अंथरूण सोडवत नव्हतं. आई त्याला भेटायला भारतातून निघणार, तेव्हा तिथे राहणाऱ्या नात्यातल्या एका बाईंनी तिला निरोप धाडला : येताना तिकडची थोडी माती घेऊन ये आणि ह्याच्या पलंगाखाली ठेव. आईने निमूट माती आणली आणि ठेवली. मुलगा पुढे सावरला, लंडनला जाऊन शिल्पकार झाला. त्याचं नाव अनीश कपूर. ही हकीकत त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितली आहे.

माझ्या आजीला ही गोष्ट कळली असती तर तिला त्यात काही नवल वाटलं नसतं. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्यांबरोबर ती तिकटीवरची माती आणवायची. मातीत काय असतं, असा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. कपूरच्या घरात मात्र तो विचारण्यासारखा होता. त्याची आई बगदादी ज्यू, तान्ही असताना बगदादहून भारतात आलेली. वडील पंजाबी हिंदू, नौदलात जलालेखनतज्ज्ञ, म्हणजे समुद्राची खोली मोजून नकाशे करणारे. जन्म मुंबईचा, १२ मार्च १९५४. शिक्षण डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये. आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये हझ्झान, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे. पलंगाखाली माती ठेवायला सांगणाऱ्या बाई इस्रायलमधल्या, माती भारतातली आणि आणणारी बगदादची. ह्या घरात कोणाची परंपरा कुठे संपते, हे मला तरी सांगता येणार नाही.

हे पुण्याचं सिनेगॉग म्हणजे कॅम्पातलं लाल देऊळ. खरं नाव ओहेल डेव्हिड. बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं, पुरं झालं १८६७ साली, पण ते पाहायला ससून राहिले नाहीत. १८६४ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची कबर आवारात आहे. लाल विटांची, टोकदार कमानींची इमारत आणि वर नव्वद फुटांहून उंच मनोरा. मनोऱ्यावर घड्याळ. माझे आजोबा लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. रास्ता पेठेतून सायकलवरून कॅम्पात जाताना ते त्या घड्याळाकडे पाहून आपलं मनगटी घड्याळ लावायचे. शनिवारी आतून प्रार्थनेचा आवाज येई. ‘आपल्या कीर्तनासारखाच, फक्त टाळ नाहीत,’ असं ते म्हणत. तो आवाज कोणाचा, ह्याची चौकशी करावी असं त्यांच्या मनातही आलं नसावं. ससूनांविषयी मात्र त्यांचं मत ठाम होतं. ‘दवाखाना बांधला, वाचनालय बांधलं, सगळं खरं. पण पैसा अफूचा.’ त्यात खोटं काही नव्हतं. चीनशी चालणाऱ्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारावरच ते घराणं उभं राहिलं.

बगदादी आणि बेने इस्रायल ह्या दोन ज्यू समाजांतला फरक मला कळला तो आमच्या वाड्यातल्या बाईंमुळे. त्या बेने इस्रायली, शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच ‘बाई’. आडनावाला कोकणातल्या गावाचा ‘कर’, नेसणं नऊवारी, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्यांचं सिनेगॉग जवळच, रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, १९२१ सालचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही पोरं त्यांच्या ओट्यावर बसायचो आणि त्या त्यांच्या आजीकडून ऐकलेलं आम्हाला सांगायच्या. कोण जाणे किती शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. कोणी आजारी पडलं, कोणाचं लग्न ठरलं की एलियाहू हन्नबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, मलिदा : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. मलिद्याच्या दिवशी आमची वाटी ठरलेली असे.

लाल देवळाचा विषय निघाला की बाईंचा सूर बदले. ‘ते मोठे लोक.’ बगदादींनी बेने इस्रायलींना बरोबरीचं मानलं नाही, ही त्यांची पिढीजात सल होती. ती नुसती भाऊबंदकीतली कुरबूर नव्हती. १८३६ मध्ये मुंबईच्या बगदादी मंडळींनी सामायिक दफनभूमीत मधे भिंत घालून मागितली होती. मेल्यावरसुद्धा शेजार नको. पुढे इस्रायल झालं, बाईंची भावंडं तिकडे गेली, तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी विचारलं, तुम्ही अस्सल ज्यू कशावरून? त्यावर बेने इस्रायलींनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. बाई हे सांगताना हसायच्या. ‘इथे आम्ही शनवार तेली आणि तिथे काळे.’

हे सगळं मी अनीश कपूरच्या निमित्ताने का सांगते आहे? मिश्र वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन रंगांचं सुंदर गाठोडं येतं. ज्यांच्या वाट्याला तो येतो, त्यांना मात्र दर दारात कागदपत्रं विचारली जातात. कपूर सतरा-अठराचा असताना भावाबरोबर इस्रायलला गेला, किबुत्झवर, म्हणजे सामूहिक वसाहतीत, राहिला, विद्युत अभियांत्रिकी शिकायला लागला आणि गणित झेपेना म्हणून ती सोडली. चित्रकार-शिल्पकार व्हायचं ठरवलं तेही तिथेच. खचला तेही तिथेच. १९७३ मध्ये लंडनला हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्ट, नंतर चेल्सी. तिथे त्याला पॉल न्यागू नावाचा रुमानियन शिक्षक भेटला. हाही आपला देश सोडून आलेला. वस्तू घडवण्याइतकंच तिच्याभोवती घडणारं काहीतरी महत्त्वाचं असतं, हे त्याच्याकडून शिकलो, असं कपूर मानतो.

मग १९७९. पंचविशीतला हा होतकरू शिल्पकार भारतात येऊन गेला. देवळांबाहेर, बाजारांत रंगांच्या पुडीचे ढीग त्याने पाहिले. आपल्याला ते दिसतही नाहीत, इतके सवयीचे. रविवार पेठेत दुकानाच्या फळीवर गुलाल, अष्टगंध, रांगोळीचे रंग टोपल्यांत उघडे मांडलेले असतात. दुकानदार मापाने काढतो आणि पुन्हा वर हात फिरवून टोक आणतो. टोक का आणायचं, विचारलं तर सांगता येणार नाही, पण प्रत्येक दुकानदार आणतो. आणि त्या टोपलीभोवती फळीवर रंगाची एक बारीक कड सांडलेली असते. ढीग नेमका कुठे संपला आणि फळी कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

लंडनला परतल्यावर कपूरने जी शिल्पं केली त्यांत ही कड आहे. लाकडाचे, प्लास्टरचे, कधी थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचे आकार करायचे. कोणी शंकूसारखा, कोणी पायऱ्यांच्या डोंगरासारखा, कोणी फळासारखा किंवा स्तनासारखा. त्यांवर कोरडी रंगाची पूड चाळायची, लाल, पिवळी, निळी, पांढरी, इतकी की आतला पदार्थ कोणता हे कळूच नये. पूड ओघळून जमिनीवर पडते आणि आकाराभोवती तिची प्रभावळ होते. चिकटवलेलं काही नाही. बोट लावलं की खूण उमटते, जोरात शिंकलं तरी धोका. प्रदर्शन संपलं की झाडून घ्यायचं आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा नव्याने चाळायचं. आकार जमिनीवर ठेवल्यासारखे दिसत नाहीत, जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात. बराचसा भाग खाली दडलेला आहे आणि थोडासाच वर आलाय, असं कपूर त्यांच्याबद्दल सांगत आला आहे. ह्या मालिकेचं नाव त्याने ठेवलं ‘थाउजंड नेम्स’. हजार नावं.

मराठी माणसाला ह्या नावाचा खुलासा लागत नाही. आमच्याकडे एकादशीला विष्णुसहस्रनाम असे. आजी ते पाठ म्हणायची, मध्येच कुकरची शिट्टी झाली तर हाताने खूण करायची, पण नाव तुटू द्यायची नाही. तिचं माहेर सासवडचं, कुलदैवत जेजुरी, त्यामुळे पिवळी पूड हीही तिच्या ओळखीची. सोमवतीला भंडारा उधळला जातो तेव्हा पायऱ्या, दीपमाळा, माणसं, मेंढरं, सगळ्यांवर एकच पिवळा थर बसतो. दगड कुठला आणि माणूस कुठला, क्षणभर कळत नाही. खंडोबाच्या संसाराचीही ती गोष्ट सांगायची : म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची, दोघींचं पटायचं नाही, देव आपला मधल्या मध्ये. ‘देवाला चाललं, मग आपल्याला का नाही?’ असं ती म्हणे. पण चुलत्याने परजातीत लग्न केलं तेव्हा वर्षभर त्याच्याशी बोलली नाही, हेही खरं.

कपूरचे ढीग पाहून हिंदू नजरेला भंडारा आठवतो, गुलाल आठवतो, आणि आपण समाधानाने म्हणतो, हा आपला. मला वाटतं इथेच आपली फसगत होते. ह्या शिल्पांमध्ये देव कुठे आहे? मूर्ती कुठे आहे? हझ्झानच्या नातवाने शिल्पकार व्हावं ह्यातच एक पेच आहे. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांमधली एक सरळ सांगते की कोरीव मूर्ती करू नकोस. बाईंच्या घरी भिंतीवर रथातल्या एलियाहू हन्नबीचं रंगीत छापील चित्र होतं. ‘हे कसं चालतं?’ म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘चित्र चालतं गं, त्याला नमस्कार करायचा नाही.’ मग जाता-येता त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला हात लावून बोटं ओठांना लावली. त्यात चर्मपत्रावर लिहिलेलं वचन असतं, आकार नसतो.

नावाचंही तेच. बाईंनी एकदा प्रार्थनेचं पुस्तक उघडून आम्हाला एक शब्द दाखवला. ‘हे देवाचं नाव. लिहिलेलं असतं, पण वाचायचं नाही. इथे आलं की दुसरा शब्द म्हणायचा.’ ‘मग खरा उच्चार काय?’ ‘तो आता कोणालाच ठाऊक नाही.’ आमच्या घरात हजार नावं आणि पलीकडच्या खोलीत न उच्चारायचं एक. तेव्हा ते मला नुसतं गमतीचं वाटलं होतं. आज कपूरचे ते आकार पाहताना वाटतं, एकाच घरात ह्या दोन्ही गोष्टी वारशाने आलेल्या माणसाने आणखी काय केलं असतं? आकार तर करायचे, पण कशाचेच नाही. नावं हजार द्यायची, पण एकही वस्तूला चिकटू द्यायचं नाही. हे माझं वाचन आहे. कपूरने असं म्हटलेलं नाही. उलट ‘भारतीय कलावंत’ ही पाटी त्याने वेळोवेळी झटकली आहे आणि ‘ज्यू कलावंत’ हीही. देशाच्या नावाने काम पाहू नका, असं त्याचं म्हणणं. ते मला पटतं. पण आजोबांच्या सायकलीच्या वाटेवरच्या देवळात ज्याचे आजोबा गात होते, त्याच्याकडे मी निव्वळ आकारांचा कारागीर म्हणून कसं पाहू?

पुढे ढीग संपले आणि पोकळी आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कपूर मोठमोठे खडबडीत वालुकाश्म घेऊन त्यांत भोकं पाडायला लागला आणि भोकाच्या आत गडद रंगाची पूड भरायला लागला. १९८९ चं ‘व्हॉइड फील्ड’ हे असंच. दगडांच्या माथ्यावर लहान काळी वर्तुळं रंगवल्यासारखी दिसतात. जवळ गेलं की कळतं, ती वर्तुळं नाहीत, आत उतरलेला काळोख आहे. ह्या कामानिशी १९९० मध्ये तो व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचा प्रतिनिधी होता, १९९१ मध्ये टर्नर पारितोषिक मिळालं. १९९२ चं ‘डिसेंट इंटू लिम्बो’ म्हणजे एका खोलीच्या जमिनीत काळं भोक. ते खोल आहे की नुसता रंगाचा ठिपका, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात एक पाहुणा त्यात खरोखर पडला, अडीच मीटर खाली. जिवावरचं दुखण्यावर निभावलं.

आपल्याला काळोखाची अशी जागा ओळखीची आहे. गाभाऱ्यात डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, मग समईच्या उजेडात हळूहळू देवाचे डोळे दिसतात. बाईंनी मात्र मला दुसरा गाभारा सांगितला. यरुशलेमच्या जुन्या मंदिरात सगळ्यांत आत एक खोली होती. वर्षातून एकदा एकट्या महायाजकाने तिथे जायचं. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे शहर जिंकून थेट त्या खोलीत शिरला. एवढं जपतात तर आत काय ठेवलंय, ते त्याला पाहायचं होतं. आत मूर्ती नव्हती. बाई हे सांगताना ताठ बसायच्या. ‘त्याला वाटलं, आम्ही फसवलं.’ कपूरच्या दगडातल्या काळोखात डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं ते आपल्या गाभाऱ्यासारखं, आणि डोळे सरावल्यावर काहीही दिसत नाही ते त्या दुसऱ्या खोलीसारखं. ह्याहून नेमका मिश्र वारसा मी कुठल्या शिल्पात पाहिलेला नाही, आणि त्यात स्वस्तिक नाही, तारा नाही, कमळ नाही.

२००७ मध्ये त्याने ‘स्वयंभ’ केलं. लाल मेणाचा अजस्र ठोकळा रुळांवरून अगदी सावकाश सरकतो, इमारतीच्या दारांमधून घासून जातो आणि चौकटींना लाल मेणाचे थर फासत जातो. दारातून जाताजाताच त्याला दाराचा आकार येतो. शिल्पकाराने घडवायचं नाही, त्याने आपोआप घडायचं. आपल्याकडे शेंदराचा थर वर्षानुवर्षं चढत जाऊन दगडाचा देव होतो, तेव्हा त्याला आपण स्वयंभूच म्हणतो. पण हेच शिल्प म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमध्ये लागलं, हिटलरने १९३७ मध्ये उघडलेल्या इमारतीत, आणि तिथे रुळांवरून जाणारा लाल ठोकळा पाहून लोकांना आगगाड्या आठवल्या. छळछावण्यांकडे गेलेल्या. मेण तेच, रूळ तेच.

भारतात त्याचं मोठं प्रदर्शन झालं ते २०१० च्या अखेरीस, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. मी आईला घेऊन मेहबूबला गेले होते. तिथे तोफ होती. एक माणूस येऊन शांतपणे लाल मेणाचा गोळा तोफेत भरे, आणि दर वीसेक मिनिटांनी तो कोपऱ्यातल्या भिंतीवर फाडकन आदळे. भिंतीवर, जमिनीवर लाल चिखल. गर्दीतली पोरं टाळ्या वाजवत होती. काही जण दचकून गप्प झाले. दोन वर्षांपूर्वीचा २६ नोव्हेंबर मुंबईत कोणी विसरलेलं नव्हतं, आणि त्या रात्री अतिरेकी हल्ला झालेल्या जागांमध्ये कुलाब्याचं ज्यू केंद्र, छाबड हाउसही होतं. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘हे नंतर पुसणार कोण?’ ह्याहून चांगली समीक्षा त्या दिवशी मी वाचली नाही.

कपूरवर राग यावा असंही पुष्कळ आहे. २०१६ मध्ये त्याने व्हँटाब्लॅक ह्या जवळजवळ सगळा प्रकाश गिळणाऱ्या काळ्या थराचे कलेपुरते हक्क एकट्याकडे घेतले. स्टुअर्ट सेंपल नावाच्या चित्रकाराने उत्तरादाखल झगझगीत गुलाबी पूड विकायला काढली आणि विकत घेणाऱ्याने ‘मी अनीश कपूर नाही’ असं कबूल करण्याची अट घातली. भांडण पोरकट होतं, पण मुद्दा पोरकट नव्हता. रंगाच्या उघड्या टोपल्या पाहून ज्याला आपला हात सापडला, त्याने एका काळ्यावर कुलूप लावावं हे मला आजही आवडलेलं नाही.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’ सगळ्या जगाला ठाऊक आहे. १६८ पोलादी पत्र्यांचं, सांधा न दिसणारं, शंभर टनांहून जड. त्यात शहर दिसतं, आभाळ दिसतं, आणि सेल्फी काढणारे आपण दिसतो. चांगलं आहे. पण माझ्या लेखी कपूरचं खरं काम १९७९ ते १९८२ ह्या तीन-चार वर्षांतलंच. त्याला तेव्हा नाव नव्हतं, साहित्य फारसं नव्हतं आणि विकत घेणारे तर नव्हतेच. त्यातलं १९८१ चं एक, लाल फुलांनी बहरलेला डोंगर सापडल्याच्या आनंदाचं लांबलचक नाव असलेलं, लंडनच्या टेट संग्रहात आहे. लंडनला जाणार असाल तर ते सध्या मांडलेलं आहे का, हे आधी विचारून जा. पूड प्रत्येक वेळी नव्याने चाळावी लागते, त्यामुळे ते कायम मांडलेलं नसतं.